कुदळीला लागलेली माती

सातारा, रविवार ता. ३ मार्च १९४६

मनू,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. तुला आशीर्वाद द्यायचा हक्क मला उरला आहे का, हे तू ठरवायचंस.

तुझं कार्ड मिळालं. बारा वर्षांत पहिलं, आणि तेही टपालानं नाही, माणसाच्या हाती. मी ते इथं उतरवून ठेवतो, कारण त्यातल्या एका शब्दाबद्दल मला पुढं बोलायचं आहे. "दादा, ही तानुबाई सांगेल ते खरं आहे. दवाखान्यात मी तिला स्वतः पाहिलंय. तुम्ही एकदा म्हणाला होता, जीव तो जीव. मनू."

आज सकाळी आठच्या सुमारास ती आली. बरोबर तिचा दीर आप्पासो. सांगलीहून मिरजेला, तिथून आगगाडीनं, आणि स्टेशनापासून पायी. तुझ्या वहिनीनं चहा केला. आप्पासोनं घोंगडं दाराबाहेर काढून ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत पाय न टाकता बसला. तानुबाई मात्र सरळ आत आली नि माझ्याकडं निरखून बघत म्हणाली,

"आवं, तुमीच का त्ये बोकड सोडिवलेलं मास्तर?"

आपल्या उंब्रजच्या जत्रेत मी बळीच्या बोकडापुढं आडवा झालो होतो, ही गोष्ट वीस वर्षांनी त्यांच्या वाडीपर्यंत कशी पोचली कोण जाणे. मी हो म्हणालो.

"मग आता मानसाचं बी बगा की वाईच."

"वैनी, गप. आदी च्या घे," आप्पासो बाहेरून म्हणाला.

"च्या प्यायला आल्ये व्हय मी साताऱ्याला?"

तू सगळं जाणतेस, तरी मी माझ्या बाजूनं लिहितो. गेल्या ऑक्टोबरात इथल्या सेशन कोर्टात तिच्या नवऱ्यावर, धुळावर, खुनाचा खटला चालला. न्यायाधीशांना मत द्यायला गावातले तिघे असेसर बसवले होते, त्यात मी एक. धुळाचा मेंढरांचा वाडा वाळवे तालुक्यात एका मळ्यात बसला होता. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात तसा. मेंढरं उसात शिरली म्हणून मळ्याचा राखणदार गुंडा याच्याशी भांडण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळानं कुदळीनं त्याला मारलं. कोर्टात त्यानं ते नाकारलंही नाही. दोघा असेसरांनी मत दिलं की हे रागाच्या भरात झालं. मी म्हणालो, ठरवून केलेला खून. फाशी झाली. ती हायकोर्टानंही कायम केली. आता राहिला तो गव्हर्नरांकडचा दयेचा अर्ज.

तानुबाईनं आज सांगितलं ते कोर्टात कोणीच सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी धुळा मेंढरांमागं गेलेला असताना गुंडा वाड्यावर आला. ती चुलीपाशी होती. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. चौथा महिना होता. सकाळपर्यंत सगळं संपलं. धुळानं बांधाला खड्डा खणून ते पुरलं. त्यानंतर तो मळ्याकडं गेला.

"कोर्टात का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कुनाफुडं? तितं येक तरी बाईमानूस हुतं का? आनी ह्येंनी भंडारा उचलल्याला."

धुळानं त्याच दिवशी आपल्या भावकीसमोर, देवापुढं हळद हातात घेऊन सांगितलं होतं की मीच मारलं. त्यांच्या वाडीची रीत अशी की भंडारा उचलून केलेलं तेवढं सांगायचं, का केलं ते सांगायचं नाही. कारण जोडलं की सत्य बाटलं, असं ते मानतात. एकदा तसं सांगितलं की पुढं कुठंही, कोणापुढंही तेवढंच.

धुळाच्या वकिलांचं म्हणणं, तिन्ही असेसरांनी लिहून दिलं की ही हकीकत माहीत असती तर आमचं मत वेगळं पडलं असतं, तर अर्जाला वजन येईल. दोघांनी लिहून दिलं आहे. राहिलो मी.

मनू, मी आज सही केली नाही. रागावू नकोस. तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही असं नाही. पण भर कोर्टात दिलेलं मत मी एका कार्डावरून फिरवलं, तर ते मतही खोटं आणि हेही खोटं. दवाखान्याच्या नोंदवहीतला उतारा, तारीख आणि शिक्का असलेला, पाठवशील का? तो आला की त्याच दिवशी सही करतो.

आणि त्या शब्दाबद्दल. तुझी आठवण थोडी चुकते आहे. मी 'निरपराध जीव' म्हणालो होतो. आईनं सुईण बोलावली होती, काढा तयार होता, तो मी परसात ओतला, आणि म्हणालो की तुझ्या पोटातला जीव निरपराध आहे. धुळा निरपराध नाही. एक वाचवावा आणि दुसऱ्याला शिक्षा व्हावी, यात मला विसंगती दिसत नाही. दिसली तर तुला लिहीन.

दादा

—

सातारा, शुक्रवार ता. ८ मार्च १९४६

मनू,

उतारा आला नाही. रोज दुपारी शाळेतून टपालकचेरीवरून घरी येतो. आज पोस्टमन लांबूनच मान हलवत म्हणाला, "मास्तर, तुमची सांगली अजून झोपलीय."

वकील म्हणाले, "अहो मास्तर, मी अकरा तारखेपर्यंत थांबतो. पुढं थांबलो तर मुदत जाईल. सही करायला असा काय जोर लागतो?" मी म्हणालो, पुरावा आला की करतो. ते हसले. "खटल्यात तुम्ही पुराव्यावरच गेला होता ना?"

ते बोलणं मला लागलं. कारण मागच्या पत्रात एक गोष्ट मी तुला लिहिली नाही. 'कुदळीनं मारलं' एवढंच लिहून पुढं गेलो.

झालं असं. धुळा पिंजऱ्यात उभा होता. उंच, वाळका, पागोटं काढून घेतलेलं, त्यामुळं कपाळाचा वरचा भाग पांढराफटक. काहीही विचारलं की म्हणायचा, "मी मारलं. भंडारा उचलून सांगितलंय. आता आनी काय इचारता?" सरकारी वकिलांना फारसं काही करायचंच नव्हतं. पण रागाच्या भरात की ठरवून, हा प्रश्न उरला होता. तेव्हा मी न्यायाधीशांची परवानगी घेऊन उठलो. मीच. बाकीचे दोघे, एक भुसार दुकानदार आणि एक कोरेगावकडचे पाटील, गप्प बसले होते. मी विचारलं, "मेंढक्याच्या हातात काठी असते, कुऱ्हाड असते. तू कुदळ घेऊन का गेलास?"

तो माझ्याकडं बघत राहिला. ओठ हलले. मग खाली बघितलं.

पंचनाम्यात लिहिलं होतं की कुदळीच्या पात्याला वरपर्यंत ओली माती होती. मी मत देताना ती माती दाखवली. म्हणालो, हत्यार रात्रीच निवडून कुठंतरी मातीत लपवून ठेवलं असलं पाहिजे. निकालपत्रात न्यायाधीशांनी ते घेतलं आहे, 'सुशिक्षित असेसरांनी दाखवून दिल्याप्रमाणे' असं म्हणून. त्या दिवशी घरी येऊन मी ते वाक्य रोजनिशीत उतरवून ठेवलं होतं. खाली रेघही ओढली होती. ती रेघ आज बघवत नाही.

माती कसली होती ते आता तुला आणि मला ठाऊक आहे. म्हणजे, तुला ठाऊक आहे. मला उतारा आल्यावर ठाऊक होईल, असं मी अजून म्हणतो आहे. हे लिहिताना माझंच मला हसू येतं, आणि ते बरं हसू नाही.

वहिनी काल जेवायला वाढताना म्हणाली, "मनुताई खोटं बोलतात असं तुम्हाला वाटतं का?" मी नाही म्हणालो. "मग कागद कशाला मागितला?" मी जेवत राहिलो. "त्यांना तेव्हाही विचारलं नाही काही. आता विचारलं ते शिक्का मारून द्या म्हणून."

तिनं पुन्हा वाढलं नाही, आणि मी मागितलं नाही.

उतारा लवकर पाठव.

दादा

—

सातारा, बुधवार ता. १३ मार्च १९४६

मनू,

उतारा काल संध्याकाळच्या टपालानं आला. बरोबर तुझं पत्र नाही. पाकिटात दोनदा हात घालून बघितलं. उताऱ्याच्या पाठीमागं कारकुनानं पेन्सिलीनं लिहिलं आहे की मोठे डॉक्टर दौऱ्यावर होते, सहीला पाच दिवस लागले. म्हणजे तू पहिल्याच दिवशी मागितला होतास.

'तानुबाई धुळा, वय सुमारे बावीस, धंदा मेंढपाळ. चौथ्या महिन्यात गर्भपात, आदल्या रात्रीचा. पोटावर माराची खूण.' तारीख खुनाच्या दिवसाची, दुपारची. खाली डॉक्टरांची सही, आणि 'परिचारिका मनुबाई' असं तुझं अक्षर. तुझं 'म' अजून तसंच, पाटीवर काढायचीस तसं, डोक्याशी गाठ मारलेलं.

सही केली. नुसती सही नाही, सविस्तर लिहून दिलं. पण तुला खरं सांगायचं तर तेही तीनदा लिहिलं. पहिल्यांदा 'माझं मत चुकलं' असं लिहिलं. मग वाटलं, त्या वेळच्या पुराव्यावर ते चूक होतं का? म्हणून 'अपुऱ्या माहितीवर आधारलेलं' केलं. मग तेही पळवाट वाटली. पुन्हा पहिलंच लिहिलं. तोपर्यंत काल शेवटची डाक निघून गेली होती. आज सकाळी रजिस्टर केलं. वकिलांनी अर्ज परवाच, दोघांच्या सह्यांवर, पाठवून दिला आहे. माझा कागद त्याच्या मागून जाईल.

आता त्या शब्दाचं. मी लिहिलं होतं, विसंगती दिसली तर तुला लिहीन.

रात्री माळ्यावरची ट्रंक उतरवून १९३४ ची वही काढली. 'निरपराध' म्हणालो होतो याची मला इतकी खात्री होती की मी ते पान तुला उतरवून पाठवणार होतो. पान सापडलं. त्यात निरपराध हा शब्द नाही. माझ्या अक्षरात असं आहे: 'आईला व मनूला स्पष्ट सांगितले. जीव तो जीव. तो कोणाचा, कोणत्या पापातून आला, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. जो देता येत नाही तो घेता येत नाही.'

तुझी आठवण बरोबर होती. मी शब्द मागाहून घातला. केव्हा घातला तेही आता कळतं. ऑक्टोबरात, मत देऊन कोर्टातून घरी येताना. एवढी वर्षं जे मी कोणत्याही जिवाबद्दल म्हणत होतो, ते त्या अर्ध्या मैलात फक्त निरपराध्यांपुरतं राहिलं. आणि मला ते जाणवलंही नाही.

आणखी एक. माझ्याच नियमानं बघायचं तर त्या मळ्यात एक नाही, दोन जीव गेले. पहिला गुंडानं घेतला. पोटातल्या जिवाला जीव मानणारा, म्हणून आपल्या बहिणीच्या तोंडावर तत्त्व फेकणारा, त्या कोर्टात मी एकटाच असेन. त्याच जिवाची माती कुदळीला लागलेली मी कोर्टाला बोट करून दाखवली आणि त्याच्या बापाला फाशीकडं धाडलं.

माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण तो ओठ हलवून थांबला तेव्हा मी आणखी एकदा, जरा हळू आवाजात, विचारू शकलो असतो. माझा प्रश्न फार चांगला जमला आहे असं वाटून मी खाली बसलो.

गव्हर्नरांकडून काही कळलं की लिहितो.

दादा

—

सातारा, रविवार ता. १४ एप्रिल १९४६

मनू,

मंगळवारी सकाळी येरवड्याला धुळाला फाशी दिलं.

अर्ज नामंजूर झाल्याचं गेल्या महिनाअखेर कळलं. माझा कागद मुंबईला पोचला तेव्हा हुकूम होऊन गेला होता. 'असेसरांचे पत्र हुकुमानंतर मिळाले. फेरविचाराचे कारण दिसत नाही.' एवढंच उत्तर. वकील म्हणाले, "मास्तर, वेळेवर गेलं असतं तरी काय झालं असतं सांगता येत नाही." चांगल्या मनानं म्हणाले. पण सांगता येत नाही हेच मला आता जन्मभर पुरेल.

मी तानुबाई आणि आप्पासोबरोबर पुण्याला गेलो होतो. बोलावलं कोणी नव्हतं. सोमवारी ती दोघं धुळाला भेटून बाहेर आली. तानुबाई तुरुंगाच्या भिंतीला पाठ लावून बसली, डोक्यावरून पदर ओढून. आप्पासो माझ्याजवळ आला. म्हणाला,

"मास्तर, तुमास्नी कोर्टातलं काय वळखीचं हाय का? ती कुदळ माघारी मिळंल का?"

मला कळेना. "कुदळ कशाला हवी?"

"धुळादादा लय काळजी करत्यात. मला म्हनले, मेंढरं कुठं बसवलीस? म्हनलं, तासगावाकडं. मग म्हनले, ती कुदळ मागून आनल्याली हाय, बनुबाय म्हातारीची. तिची तिला पोचव. मी द्यायलाच गेलतो."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्या दिवशी पहाटे धुळा मळ्यातल्या बनुबाई नावाच्या म्हातारीकडं गेला. मेंढक्याच्या वाड्यावर कुदळ कुठली असणार? ती त्यानं खड्डा खणायला मागून आणली. पुरून झाल्यावर परत द्यायला गेला. तिच्या खोपीपुढं गुंडा दात घासत उभा होता. कुदळीकडं बघून म्हणाला, "काय रं, पुरलंस का? बरं झालं, येक त्वांड कमी झालं खानारं."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"न्हाई. आजच बोलले. म्हनले, भंडारा उचलल्याला त्यो आता उद्या माज्यासंगट फिटतोया. मग सांगाय काय हरकत."

"आणि म्हातारी? तिनं ऐकलं असेल ना?"

"तिला कोन इचारलं? मळ्यावरच जगती ती."

मी कोर्टात विचारलं होतं, कुदळ घेऊन का गेलास. त्या प्रश्नाचं उत्तर 'परत द्यायला' असं होतं. साधं, तीन अक्षरी शब्दांचं. शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मागून आणलेली वस्तू अशा सकाळीसुद्धा परत करायला जाणारा माणूस असू शकतो, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

जाताना तानुबाई उठली. मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमी सई केली म्हनं, मनुताईनं सांगितलं. वाईच उशिरानं केली." मग पदर सावरत, "ताई तुमच्यावानीच दिसत्यात. निस्त्या डोळ्यांत तुमच्यावानी न्हाईत."

बुधवारी कोर्टात जाऊन कुदळीसाठी अर्ज दिला. नाझर म्हणाला, फाशीच्या खटल्यातला मुद्देमाल परत मिळत नाही. मी बसून राहिलो. शेवटी त्यानं कपाटातून काढून नुसती दाखवली. दांड्याला चिठ्ठी बांधलेली. पात्यावर माती वाळून पांढरी पडली आहे. मी हात लावला नाही. बाजारातून तशीच दुसरी घेऊन तिला दांडा बसवून आप्पासोकडं धाडली आहे. म्हातारीला पोचवतो म्हणाला.

मनू, आता जे लिहायचं त्यासाठीच हे पत्र आहे.

तू मला कधी विचारलं नाहीस की मी काढा का ओतला. मला वाटतं, त्याबद्दल तुझा राग नसावा, किंवा असला तरी तो तुझा तू समजून घेतला असशील. तुझी मुलगी जिवंत आहे, आणि ती नसायला हवी होती असं मला आजही म्हणता येत नाही. पण वाईला तू बाळंत झालीस, आणि अकराव्या दिवशी तू झोपलेली असताना मी तिला घेऊन गेलो. तू जागी होऊन एकच विचारलंस, "कुठं?" मी म्हणालो, चांगल्या घरी. पुन्हा विचारलंस. मी म्हणालो, त्यांना शब्द दिला आहे, सांगता येणार नाही. तू उंब्रजला परत आलीच नाहीस.

तो शब्द मी बारा वर्षं पाळला. सचोटीनं पाळला, असं मला वाटत होतं. धुळानंही शब्द पाळला, पण त्याची किंमत त्यानं स्वतः दिली. माझे शब्द, माझी मतं, माझी तत्त्वं, ही मी जेव्हा जेव्हा पाळली तेव्हा भरायला दुसरंच कोणीतरी उभं होतं. तू. मग तो. जीव तो जीव म्हणणं मला कधी जड गेलं नाही, कारण तो जीव सांभाळणं कधी माझ्या वाट्याला आलं नाही.

आणि हेही सांगतो. मी तिला बघत आलो आहे. दर वर्षी कृष्णामाईच्या उत्सवात वाईला घाटावर ती येते, तिला वाढवणाऱ्या भामाबाईबरोबर. दोन पावलांवर उभा राहून मी बघतो आणि निघून येतो. यंदा तिनं परकर सोडून लुगडं नेसलं होतं आणि पायांत घोळत होतं म्हणून सारखी वैतागत होती. पुढचे दोन दात थोडे एकावर एक आहेत, तुझ्यासारखे. हे मी रोजनिशीत लिहीत आलो, तुला लिहिलं नाही.

बावीस वर्षं रोजनिशी लिहितो आहे. आजवर एकही पान फाडलं नाही. काही चुकलं तरी खोडलं, पण पान ठेवलं. आज पहिलंच फाडतो आहे. १९३४ चं तेच, 'जीव तो जीव' लिहिलेलं. तो मजकूर वाचायचा तर वाच, नाहीतर नको. मागची बाजू बघ. तिथं आकाराम आणि भामाबाई यांचं गाव, वस्तीची वाट, आणि त्यांनी तिचं ठेवलेलं नाव आहे.

त्यांनाही आजच पत्र टाकलं आहे, की मी शब्द मोडला आणि तिची आई कदाचित येईल. ते मला काय म्हणतील ते म्हणोत.

तू जावंस की नाही, ते तुझं तू ठरव. मी येऊ का, असं विचारत नाही.

सयाजी

(पान घडी घालून आत ठेवलं आहे. कडेला फाटलं आहे, पण नाव वाचता येतं.)